शंभराचे साडेबारा

संगणकावर एखादी मोठी फाइल एका जागेहून दुसऱ्या जागी नेताना पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकू लागते आणि तिच्याखाली ‘उरलेला वेळ ४ मिनिटे’ अशी अक्षरे उमटतात. ती वाचून माणूस निर्धास्तपणे चहा टाकायला उठतो. परत येऊन पाहतो तो उरलेला वेळ ११ मिनिटे झालेला! चहा संपेपर्यंत पट्टी एकदम शेवटाकडे धावत सुटते आणि ९९ टक्क्यांवर येऊन अशी ठाण मांडून बसते, की एरवी शांत असणाऱ्या माणसानेही चार शब्द बोलावेत. एस.टी. स्टँडवर ‘पाच मिनिटांत सुटतेय’ असे सांगणारे कंडक्टर आणि ही पट्टी यांचे गोत्र एकच असावे.

गंमत सोडून देऊ. पण या पट्टीच्या मागे एक खरा प्रश्न उभा आहे, आणि तो आता केवळ संगणकवाल्यांचा राहिलेला नाही. डॉक्टरांचा दवाखाना, सी.ए.चे ऑफिस, गावातली पतसंस्था, शाळेचे कार्यालय, कुठेही जा. टेबलांवर चार-सहा संगणक असतात आणि आतल्या खोलीत, एखाद्या कोपऱ्यात, सर्वांचा मिळून एक असतो. तो सर्व्हर. महत्त्वाच्या सगळ्या फाइली त्याच्या पोटात. घरोघरीही लग्नामुंजीचे फोटो आणि व्हिडिओ ठेवण्यासाठी तशीच एक लहान पेटी आता येऊ लागली आहे. आणि या सगळ्या ठिकाणी आठवड्यातून एकदा तरी एक वाक्य ऐकू येतेच : ‘आज फार स्लो चाललंय.’

हे वाक्य उच्चारले गेले, की लगेच आरोपी शोधायला सुरुवात होते. कोणी म्हणतो मशीन जुने झाले. कोणी म्हणतो सर्व्हर बदला. पुरवठादार म्हणतो, सगळेच नवे घ्या. आणि यांपैकी काहीच परवडणारे नसेल, तर सर्वांत स्वस्त आरोपी हाताशी असतोच, तो म्हणजे त्या मशीनपुढे बसलेला माणूस. निदान झालेले नसते, नाडीही कोणी पाहिलेली नसते. शस्त्रक्रियेची तारीख मात्र ठरून जाते.

आयुष्याची उमेदीची वर्षे मी बँकेत काढली आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. बँकेने एक गोष्ट मनावर पक्की बिंबवली. एकक, तारीख आणि सही नसलेला आकडा हा आकडाच नव्हे. संगणकाच्या वेगालाही हाच नियम लावला, तर बरीचशी भांडणे सुरू होण्याआधीच मिटतील.

बिट आणि बाइट

पहिले भांडण एककाचे. नेटवर्कच्या उपकरणांवर मोठ्या दिमाखात १०० किंवा १००० असा आकडा छापलेला असतो. शंभर काय? तर दर सेकंदाला १०० मेगाबिट. फाइल नेताना पडद्यावर जो आकडा दिसतो, तो मात्र मेगाबाइटचा. आठ बिटांचा एक बाइट होतो. शंभराला आठाने भागले, की उरतात साडेबारा. हजाराला भागले, की सव्वाशे. इंग्रजीत बिटसाठी लहान ‘बी’ लिहितात आणि बाइटसाठी मोठा ‘बी’. एका अक्षराच्या उंचीत आठपटींचा फरक लपलेला! दुकानदार खोटे बोलत नाही. पगार पैशांत सांगावा आणि हातात रुपयांत ठेवावा, तसा हा प्रकार आहे. परंतु घरी येऊन पट्टीवर शंभराऐवजी बारा पाहणाऱ्या गृहस्थाला आपण फसलो असेच वाटते, आणि तो बिचारा पुरवठादाराला फोन लावतो.

बरे, साडेबारा तरी हातात पडतात का? नाही. हा ढोबळ पगार झाला. कपाती व्हायच्या आहेत.

फाइल तारेतून सलग जात नाही. तिचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा पाकिटात घालून पाठवावा लागतो. नेहमीच्या पाकिटात १५०० बाइट मावतात. त्यांतले ४० बाइट, तुकडा कोणाचा, कोणाकडे जायचा, कितवा, असल्या नोंदींत जातात. उरतात १४६०. शिवाय पाकिटाचा स्वतःचा पत्ता, शेवटची तपासणीची खूण आणि दोन पाकिटांमध्ये सोडायची मोकळी जागा, अशी आणखी ३८ बाइटांची भर पडते. म्हणजे १४६० बाइट माल पोचवायला १५३८ बाइटांची वाट अडवावी लागते. हिशेब केला तर शंभरातले सुमारे ९५ हाती येतात. साडेबाराचे झाले जेमतेम बारा, आणि सव्वाशेचे सुमारे ११९.

अजून एक कपात आहे. खरे तर ती कपात नव्हे, मोजण्याची तऱ्हा आहे. विंडोजमध्ये फाइल नेताना दिसणारी पट्टी किलो म्हणजे १०००  न धरता १०२४ धरते, मेगाही त्याच हिशेबाने. म्हणून ११९ च्या ठिकाणी ११३ दिसतात. तेव्हा हजाराच्या नेटवर्कवर पट्टी ११३ च्या आसपास स्थिर राहिली, तर समजावे की तारेने आपले काम चोख केले आहे. तिच्याकडून याहून अधिक मागणे म्हणजे शेराच्या मापात सव्वा शेर ओतणे. लग्नाच्या व्हिडिओची ४००० मेगाबाइटची फाइल अशा तारेतून सुमारे ३४ सेकंदांत जाईल. तीच शंभराच्या तारेतून जायला साडेपाच मिनिटांहून थोडे अधिक घेईल.

टोकनापासून कॅशियरपर्यंत

पण पुष्कळदा तार मोकळी असते आणि काम तरीही रखडते. असे का व्हावे?

चेक घेऊन बँकेत गेल्यावर पितळी टोकन हातात पडत असे, तो काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. चेक आधी लेजर लिहिणाऱ्या कारकुनाकडे जाई, तिथून पासिंग ऑफिसरकडे, तिथून कॅशियरकडे. कॅशियर कितीही चपळ असला, तरी पासिंग ऑफिसर सही तपासायला दहा मिनिटे लावत असेल, तर नोटा हातात पडायला दहा मिनिटे लागणारच. संपूर्ण रांगेचा वेग म्हणजे त्यातल्या सर्वांत सावकाश टेबलाचा वेग.

फाइलीच्या प्रवासातही अशीच टेबले आहेत. ती तुमच्या संगणकाच्या डिस्कवरून वाचली जाते, मग स्मृतीत येते, मग नेटवर्क कार्डातून तारेत, तारेतून स्विच नावाच्या चौकात, तिथून दुसऱ्या तारेने सर्व्हरच्या कार्डात, त्याच्या स्मृतीत आणि अखेर त्याच्या डिस्कवर. यांतले एक टेबल जरी पेंगले तरी पुढची सगळी टेबले हात जोडून बसतात.

जुन्या पद्धतीची फिरती डिस्क हे असेच एक टेबल. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क एक फेरा पुरा करायला आठ मिलिसेकंदांहून किंचित अधिक घेते. फाइल सलग असेल तर ती झरझर वाचते. परंतु फाइली इकडेतिकडे विखुरलेल्या असल्या, तर वाचणाऱ्या काट्याला प्रत्येक वेळी नवी जागा गाठावी लागते, आणि हवा तो भाग फिरून काट्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. नव्या, न फिरणाऱ्या डिस्कना हा व्याप नसतो, म्हणूनच त्या बसवल्या की जुन्या संगणकालाही तरतरी येते.

आता फोटोंचे उदाहरण घ्या. १००० मेगाबाइटची एकच फाइल हजाराच्या तारेतून साडेआठ सेकंदांत जाते. तेवढाच ऐवज १०,००० लहान फाइलींत विभागलेला आहे, असे समजा. प्रत्येक फाइल सर्व्हरवर ठेवताना दोन्ही बाजूंत संभाषण होते : या नावाची फाइल आहे का? नाही. मग उघडू का? उघड. लिहू का? लिही. झाले, बंद करतो. या विचारपूशीत प्रत्येक फाइलीमागे केवळ १० मिलिसेकंद खर्च झाले, असे धरले, तरी दहा हजारांचे मिळून १०० सेकंद नुसत्या बोलण्यात गेले. साडेआठ सेकंदांचे काम पावणेदोन मिनिटांवर गेले. तार तीच आणि सर्व्हरही तोच. पट्टीवरचा आकडा मात्र ११३ वरून नऊच्या घरात. कोणी काही बिघडवलेले नाही. आमच्या शिपायाने हातगाडीवरून पन्नास लेजरे एका खेपेत आणणे, आणि एकेक चिठ्ठी आणायला पन्नास खेपा घालणे, यांतला हा फरक आहे.

तारेचा जन्म आणि बँकेचे लेजर

टेबलावरच्या संगणकांना एका तारेत गुंफण्याची ही जी पद्धत जगभर रूढ झाली, ती १९७३ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात जन्माला आली. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज हे तिचे जनक. प्रकाशलहरी ज्यातून जातात असे पूर्वीचे शास्त्रज्ञ मानत, त्या ‘ईथर’वरून तिला ईथरनेट हे नाव मिळाले. ईथरचा मागमूसही सापडत नाही, हे १८८७ सालीच मायकेलसन आणि मोर्ली यांच्या प्रयोगात दिसून आले होते. पण नाव असे पुन्हा उपयोगी पडले. पहिल्या ईथरनेटचा वेग दर सेकंदाला ३ मेगाबिटांहूनही किंचित कमी होता. १९८० साली तो १० झाला, १९९५ साली १००, आणि १९९९ साली साध्या तांब्याच्या तारेवर १०००.

आपल्याकडे बँकांत संगणक आले ते बऱ्याच वादावादीनंतर. नोकऱ्या जातील ही धास्ती होती, आणि ती अगदीच निराधार होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा यांत्रिकीकरणाविषयीचा अहवाल १९८४ साली आला, दुसऱ्या समितीचा १९८९ साली. आधी लेजर लिहिणारी सुटी यंत्रे आली. पुढे शाखेतले संगणक तारेने जोडले जाऊ लागले. त्या काळच्या बऱ्याच प्रणालींत सर्व्हर म्हणजे केवळ फाइलींचे कपाट असे. बेरीज-वजाबाकी टेबलावरच्या संगणकात होई. त्यामुळे खातेदाराची शिल्लक पाहायची तर फाइलीचे तुकडे सर्व्हरकडून तारेतून काउंटरवर यायचे आणि नोंद झाली की परत जायचे. फाइलीच्या येण्याजाण्याचा वेग म्हणजेच काउंटरपुढच्या रांगेचा वेग, असे साधे समीकरण होते.

या समीकरणात एका माणसाची अब्रू कशी अडकू शकते, हे मी जवळून पाहिले आहे.

कपाटाच्या पायाखाली

१९९६ च्या सुमाराची गोष्ट. एका तालुक्याच्या गावातली शाखा; बँकेचे आणि गावाचे नाव महत्त्वाचे नाही. सहा काउंटर, सहा संगणक, दहा मेगाबिटांचे नेटवर्क. कोपऱ्यातल्या काउंटरवर पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई होत्या. वीस-बावीस वर्षे त्यांनी हाताने लेजर लिहिलेले. अक्षर मोत्यासारखे, आणि त्यांच्या लेजरची बेरीज सहसा चुकत नसे. संगणक आल्यावर त्यांच्यापुढची रांग मात्र हलेनाशी झाली. शेजारच्या काउंटरवर तीन माणसे निपटत, तेव्हा यांच्याकडे एक.

निष्कर्ष काढायला फारसा वेळ लागला नाही. ‘बाईंना कॉम्प्युटर जमत नाही,’ असे आधी हळू आवाजात आणि मग उघडपणे बोलले जाऊ लागले. खातेदारही दुसऱ्या रांगेत जाऊन उभे राहू लागले. बाईंना आवक-जावक टेबलावर हलवावे, असा कागद तयार झाला. बाई काही बोलल्या नाहीत. त्या सकाळी अर्धा तास लवकर येऊ लागल्या आणि संध्याकाळी शेवटची बस पकडू लागल्या, एवढेच.

त्याच आठवड्यात दुसऱ्याच एका कामासाठी पुरवठादाराकडचा एक इंजिनिअर आला होता. पोरसवदा, डिप्लोमा झालेला. कोपऱ्यातले मशीन सावकाश चालते, हे त्याच्या कानावर घातले गेले. त्या मशीनवर कोण बसते, हे त्याने विचारलेच नाही. त्याने दहा मेगाबाइटची एक फाइल घेतली आणि संध्याकाळी व्यवहार बंद झाल्यावर सहाही मशीनवरून ती पाळीपाळीने सर्व्हरवर पाठवली. प्रत्येकावरून तीन-तीनदा. मनगटी घड्याळातल्या स्टॉपवॉचने वेळ घेतली आणि रेघी वहीत मांडली. पाच मशीनना १९ ते २२ सेकंद लागत होते. कोपऱ्यातल्या मशीनला एकदा दीड मिनिट, एकदा दोन मिनिटे, एकदा त्याहून अधिक.

‘साहेब, माणूस मंद असेल तर नोंदी सावकाश होतील,’ तो मला म्हणाला, ‘पण ही फाइल कोणी टाइप करत नाहीये.’

मग त्याने कोपऱ्यातले मशीन उचलून तिसऱ्या काउंटरवर लावले. २१ सेकंद! तिसऱ्याचे मशीन कोपऱ्यात लावले, तर त्याला तिथे दोन मिनिटे. दोष माणसात नाही, मशीनमध्ये नाही. दोष त्या जागेत आहे, हे उघड झाले. हबमध्ये ती तार दुसऱ्या खाचेत घालून पाहिली, फरक नाही. उरली फक्त तार. ती भिंतीकडेने चाचपत गेल्यावर सापडले ते असे : दिवाळीपूर्वी रंगकाम करताना लोखंडी कपाट सरकवले होते आणि त्याचा एक पाय नेमका तारेवर आला होता. तार तुटली नव्हती, चेपली होती. त्यामुळे काही पाकिटे फाटकी पोचत, फेकून दिली जात आणि पुन्हा पाठवावी लागत. तार बदलली. २० सेकंद.

बाई तोवर थांबल्या होत्या. निघताना त्या मुलाला म्हणाल्या, ‘अरे, तुझ्या वहीतल्या त्या पानाची एक झेरॉक्स काढून देशील का मला?’ त्याने दिली. त्यांनी ती घडी घालून पर्समध्ये ठेवली. आवक-जावकचा कागद पुढे सरकला नाही.

घड्याळ कसे लावावे

त्या मुलाने जे केले त्यात अवघड गणित नव्हते. शिस्त होती, आणि ती आजही जशीच्या तशी लागू पडते. फाइल एकच घ्यावी आणि मोठी घ्यावी. दोन सेकंदांत संपणाऱ्या कामाची वेळ हाताने घेता येत नाही. एकदा मोजून थांबू नये. तीनदा मोजावे आणि मधला आकडा धरावा. तीन आकडे एकमेकांपासून फार लांब पडले, तर ती स्वतंत्र बातमी समजावी. निरोगी यंत्राला लहर नसते. सर्व्हरकडे पाठवताना आणि सर्व्हरकडून आणताना, दोन्ही वेळा मोजावे, कारण लिहिणे आणि वाचणे ही डिस्कची दोन निराळी कामे आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तार, मशीन आणि खाच एकदम बदलली, तर वेग वाढेल कदाचित. पण कशामुळे वाढला, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आजच्या यंत्रांत एक नवा सापळा मात्र आहे. संगणकशास्त्रात ‘कॅश’ म्हणून एक चीज असते. कॅशियरच्या पेटीतली ती ही नव्हे. इंग्रजी स्पेलिंग वेगळे, उच्चार तोच. नुकतीच वाचलेली फाइल पुन्हा लागेल म्हणून यंत्र ती स्मृतीत हाताशी ठेवते. त्यामुळे तीच फाइल दुसऱ्यांदा आणताना वेग एकदम चढलेला दिसतो, कारण डिस्कला हात लावावाच लागत नाही. लिहितानाही तसेच. सर्व्हर आधी माल स्मृतीत उतरवून घेतो आणि सवडीने डिस्कवर मांडतो. सुरुवातीला पट्टी वाऱ्यासारखी धावते आणि स्मृती भरली की लंगडू लागते, त्याचे एक कारण हे. पट्टीचे ‘उरलेला वेळ’ हे भाकीतही नुकत्याच मिळालेल्या वेगावरून केलेला भागाकार असतो. वेग बदलला की भाकीत बदलणारच. तेव्हा खरी परीक्षा घ्यायची तर सर्व्हरच्या स्मृतीहून मोठी फाइल घ्यावी.

तार आणि डिस्क यांचा हिशेब वेगळा करण्याचीही सोय आहे. ‘आयपर्फ’ नावाचे एक मोफत साधन मिळते. ते दोन संगणकांच्या स्मृतींमध्येच माहितीची ने-आण करते, डिस्कला मध्ये येऊच देत नाही. हजाराच्या नेटवर्कवर त्याने ९४० मेगाबिटांच्या आसपास दाखवले आणि फाइल तरी सावकाशच जात असली, तर तार निर्दोष आहे; डिस्क, विषाणूंची तपासणी करणारा प्रोग्रॅम किंवा लहान फाइलींची गर्दी यांच्याकडे पाहावे. ९४० ऐवजी ९४ दिसले, तर मामला निराळा. शंभराच्या वेगाला तारेतल्या आठांपैकी चारच तंतू पुरतात; हजाराला आठही लागतात. एखादा तंतू नीट जोडलेला नसला, की बरीच यंत्रे मुकाट्याने शंभरावर उतरतात आणि तक्रारही करत नाहीत. अशा वेळी नवा सर्व्हर घेऊन काय होणार? हवेतून, म्हणजे वाय-फायने जोडलेला संगणक असेल, तर आधी तारेने जोडून मोजावे. हवा ही सर्वांची सामाईक. तिच्यातला वेग भिंतीगणिक आणि शेजाऱ्यागणिक बदलतो.

कबुतराची शर्यत

घड्याळ कुठे सुरू करायचे आणि कुठे थांबवायचे, हाही प्रश्न दिसतो तितका साधा नाही. दक्षिण आफ्रिकेतली एक गंमत सांगतो. २००९ च्या सप्टेंबरात डर्बन भागातल्या ‘अनलिमिटेड आयटी’ या कंपनीच्या लोकांनी इंटरनेटच्या संथपणाला कंटाळून एक शर्यत लावली. विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला ४ गिगाबाइटचे कार्ड बांधले आणि त्याला हॉविकहून डर्बनकडे सोडले. त्याच वेळी तेवढीच माहिती तारेने पाठवायला सुरुवात केली. कबुतर १ तास ८ मिनिटांत पोचले. कार्डातली माहिती उतरवून घेण्यासह एकूण २ तास ६ मिनिटे ५७ सेकंद लागली. तेवढ्या वेळात तारेतून केवळ ४ टक्के माहिती गेली होती.

बातमी जगभर गाजली, लोक हसले. मला त्यात आवडला तो त्यांचा प्रामाणिकपणा. एक तास आठ मिनिटे हा आकडा अधिक आकर्षक होता. तरी त्यांनी उतरवून घेण्याचा वेळही धरला. माहिती वापरण्याजोगी होईपर्यंत ती पोचली असे म्हणता येत नाही. याच न्यायाने, ‘कॉपी पूर्ण’ ही अक्षरे उमटली म्हणजे काम झालेच असे नाही. आणि कबुतराची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. ते वाटेत असताना पलीकडच्या माणसाला एक अक्षरही मिळत नाही. एकदम ढीगभर माल पोचवणे आणि साध्या प्रश्नाला झटकन उत्तर देणे, हे दोन निरनिराळे गुण आहेत. वर्षाचा सगळा हिशेब हलवायचा तर पहिला हवा; काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला शिल्लक सांगायची तर दुसरा. ‘वेग’ या एका शब्दात आपण दोघांनाही कोंबतो.

आज माणसांचा वेग मोजण्याची साधने पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली आहेत. कोणी दिवसात किती कामे निपटली, एका फोनला किती मिनिटे घेतली, याचे तक्ते आपोआप तयार होतात आणि वरच्या मजल्यावर जातात. त्या तक्त्यात माणसाचे नाव असते. त्याच्या टेबलापर्यंत येणारी तार कोणत्या कपाटाखालून गेली आहे, हे नसते. म्हणून तक्ता वाचणाऱ्याने निदान एकदा तरी जागांची अदलाबदल करून पाहावी. याला खर्च येत नाही. एक संध्याकाळ जाते.

आपल्या ऑफिसात किंवा घरात ‘फार स्लो चाललंय’ असे पुढच्या वेळी कोणी म्हणाले, तर पुरवठादाराला फोन करण्यापूर्वी एक मोठी फाइल घ्यावी, घड्याळ घ्यावे आणि तीनदा मोजावे. मग शेजारच्या मशीनवर मोजावे. आकडे वहीत लिहावेत. बिट की बाइट ते लिहावे, कुठून कुठे ते लिहावे. आणि खाली तारीख घालायला विसरू नये, कारण सहा महिन्यांनी पुन्हा कोणीतरी तेच वाक्य बोलणार आहे, आणि त्या वेळी या पानाची झेरॉक्स कोणाच्या उपयोगी पडेल, ते आज सांगता येत नाही.